लेझरनं चष्मा घालवायचाय? आधी तपासणीला वेळ द्या

लग्न ठरलं, भरतीची जाहिरात निघाली, की लेझरची चौकशी सुरू होते. मी कोल्हापुरात डोळे तपासायचं काम करते. ऑपरेशन डॉक्टर करतात, त्याआधीची मोजमापं माझ्याकडं असतात. म्हणून कळकळीनं सांगते, लेझर करायचं की नाही हे तपासणीत ठरतं. तिथं घाई करू नका, कारण एकदा घासून काढलेला कॉर्निया परत बसवता येत नाही.

वय 18 पूर्ण हवं आणि गेल्या वर्षभरात नंबर 0.50 पेक्षा जास्त हललेला नको. जुने नंबरचे कागद सोबत आणा. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर थांबा, त्या काळात नंबर आणि डोळ्यातला ओलावा दोन्ही बदलतात. संधिवात, मधुमेह, मुरुमांसाठी चालू असलेली आयसोट्रेटिनॉइनची गोळी, डोळ्यात कधी झालेली नागीण, हे सगळं कुणी विचारायची वाट न बघता सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर सॉफ्ट लेन्स तपासणीआधी एक-दोन आठवडे, हार्ड लेन्स त्याहून जास्त दिवस बंद ठेवावी लागते. लेन्समुळं कॉर्नियाचा आकार बदललेला असतो आणि मोजमाप चुकतं.

आता जाडीचा हिशेब. हा प्रत्येकानं स्वतः मांडून बघावा. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक भाग, मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन जाड असतो. अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. लॅसिक या लेझरच्या पद्धतीत त्याचा 100 ते 120 मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात, खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. एका नंबरमागं साधारण 12 ते 15 मायक्रॉन जातात. मायनस 6 असेल तर 90 धरा. 540 मधून पापुद्र्याचे 110 आणि हे 90 गेले, खाली राहिले 340. ठीक आहे. पण जाडी 480 आणि नंबर मायनस 8 असेल तर राहतात 250. ही अगदी शेवटची मर्यादा समजतात, बरेच डॉक्टर 300 च्या खाली जातच नाहीत. अशा वेळी डोळ्याच्या आत लेन्स बसवायचा पर्याय, आयसीएल, विचारा. नाहीतर चष्मा राहू द्या. चष्म्यानं कुणाचं काही अडत नाही.

जाडीइतकाच आकार महत्त्वाचा. मशीन कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढतं. खालच्या बाजूला लाल-केशरी फुगवटा दिसला की केरॅटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन पुढं फुगत जाण्याच्या आजाराची शंका येते, आणि तशा डोळ्यावर लेझर केलं तर फुगवटा आणखी वाढतो. खुर्चीत बसल्याबसल्या कुणी मुठीनं डोळे चोळायला लागलं की मी आधी ॲलर्जीचं विचारते, कारण सततच्या चोळण्याचा या आजाराशी संबंध आहे. आईवडिलांनो, पोरं डोळे चोळत असतील तर आजच थांबवा.

मग पापणीच्या कडेला कागदाची पट्टी 5 मिनिटं लावून ओलावा बघतात. शेवटी बाहुली मोठी करायचे थेंब घालून मागचा पडदा तपासतात. त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, घरचं कुणीतरी बरोबर आणा.

तुम्ही काय काम करता, काय खेळता, तेही सांगा. तालमीत जाणारा पैलवान असेल तर मी लॅसिकचं नाव काढत नाही. डोळ्यावर जोराचा फटका बसला तर पापुद्रा काही वर्षांनीही सरकू शकतो. त्याला पीआरके, म्हणजे थेट वरूनच लेझर मारायची पद्धत बरी. त्यात पापुद्रा नसतो, पण तीन-चार दिवस डोळे चांगलेच दुखतात आणि नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे लागतात. स्माइल नावाच्या तिसऱ्या पद्धतीतही पापुद्रा नसतो, छोटीशी चीर असते. भरतीवाल्यांनी त्या पदाचे वैद्यकीय नियम आधी वाचावेत. रेल्वेत लोको पायलटच्या जागेला लेझर केलेला डोळा चालत नाही.

रात्री गाडी चालवणाऱ्यांनी वेळ बघून करावं. सुरुवातीचे काही महिने दिव्यांभोवती वलयं दिसतात. ऊस तोडणीच्या हंगामात मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, तेव्हा हा धोका घेऊ नका. जोतिबाची चैत्र यात्रा किंवा रंगपंचमी तोंडावर असेल तर तीही होऊन जाऊ द्या. गुलाल ताज्या डोळ्यात जायला नको.

ऑपरेशनला बधिर करायचे थेंब घालतात, इंजेक्शन नसतं. पापण्या चिमट्यानं उघड्या ठेवतात. पापुद्रा करताना डोळा दाबल्यासारखा होतो आणि काही सेकंद अंधारून येतं. घाबरू नका, हे व्हायचंच असतं. मग समोरच्या दिव्याकडं बघत राहायचं. टकटक आवाज येतो, केस जळल्यासारखा वास येतो. लेझर एका डोळ्याला बहुधा मिनिटभरसुद्धा चालत नाही.

घरी गेल्यावर चार-सहा तास डोळे चुरचुरतात, पाणी येतं. थेंब घालून झोपा. रात्री डोळ्यांवर प्लॅस्टिकची झाकणं लावा. आठवडाभर डोक्यावरून आंघोळ नको, महिनाभर रंकाळ्यात, पंचगंगेत, टँकमध्ये पोहणं नको. डोळे चोळणं तर कायमचं बंद. कोरडेपणा तीन ते सहा महिने राहू शकतो, ओलाव्याचे थेंब कंटाळा न करता घाला. दुखणं वाढलं किंवा नजर अचानक धूसर झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा.

चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लेझर करूनही लागतोच. मायनस नंबर गेला तरी मागच्या पडद्याचा धोका तसाच राहतो, म्हणून वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. पैसे भरण्याआधी त्यात थेंब, पुढच्या तपासण्या आणि नंबर थोडा उरला तर दुसऱ्यांदा करायचा लेझर धरलाय का, हे लेखी घ्या.

आणि ऑपरेशनआधीच्या सगळ्या मोजमापांची एक प्रत स्वतःकडं ठेवा, फोटो काढून घरच्यांनाही पाठवा. म्हातारपणी मोतीबिंदू काढायची वेळ आली की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना डॉक्टर हाच कागद मागतील.