आंतरवासितेत शेतीचे प्रात्यक्षिक घेताना: वाफा, वेळ आणि साठ मुले

बी.एड.च्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावात, कार्यानुभव, मल्टी स्किल (बहुकौशल्य) किंवा कृषी विषयाचे तास वाट्याला आले, तर पाठटाचण लिहिण्याआधी कॅलेंडर समोर घ्या. शाळेतला आपला पहिला दिवस, शेवटचा दिवस, सणांच्या सुट्ट्या, घटक चाचणीचा आठवडा, सगळे त्यावर खुणा करून ठेवा. इतिहासाचा घटक आठवडाभर पुढे ढकलता येतो. पिकाला थांबवता येत नाही. नवख्या छात्राध्यापकाचे प्रात्यक्षिक बहुतेक वेळा याच ठिकाणी फसते. तो उत्साहाने टोमॅटो लावतो आणि झाडाला फळ धरायच्या सुमारास त्याची आंतरवासिता संपते. मुलांच्या हाती लागवड येते, काढणी येतच नाही.

म्हणून हातात किती दिवस आहेत त्यावरून पीक ठरवा. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. पालकाला ३० ते ३५ दिवस लागतात, मुळ्याला ४० ते ४५. कोथिंबिरीचे धणे उगवायलाच आठ ते बारा दिवस घेतात, आणि तेही धणा चोळून दोन डाळिंब्या वेगळ्या केल्या तर. अख्खा धणा पेरला की उगवण विरळ आणि मागेपुढे होते, मग मुले रोज वाफा उकरून पाहतात. महिनाभराची मुदत असेल तर मेथीच घ्या. टोमॅटो घ्यायचाच असेल तर फक्त रोपवाटिका करा: ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एका खळग्यात एक बी, २१ ते २५ दिवसांत लावण्याजोगी रोपे, आणि ती मुलांनी घरी न्यावीत. दिवाळीच्या सुट्टीचा हिशेब वेगळा ठेवा. ऑक्टोबरात पेरलेला वाफा सुट्टीत पाण्यावाचून वाळतो. सुट्टीआधी काढणी होईल असे उलटे मोजून पेरा, नाहीतर सुट्टी संपल्यावरच पेरा.

दुसरी अडचण तासाची. पस्तीस मिनिटांतून मैदानावर जाणे-येणे, अवजारे वाटणे, धुऊन परत मोजणे वजा केले तर हाती पंधरा मिनिटेही उरत नाहीत. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटून जोडतास मागा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या कार्यक्रमात या कामाला आठवड्यातला एक पूर्ण दिवस दिला जातो, आणि तेच योग्य आहे. तेवढे मिळाले नाही तरी सलग सत्तर मिनिटांखाली मातीत उतरू नये. साठ मुलांचा वर्ग एकदम वाफ्यावर नेऊ नका. तीन मीटर वाफ्याभोवती सहा मुले नीट काम करू शकतात, सातवे आले की ढकलाढकली सुरू होते. पाच वाफे असतील तर तीस मुले मातीत आणि तीस झाडाखाली बी मोजणे, वजन करणे, नोंदी लिहिणे अशी वाटणी करा आणि पुढच्या खेपेला अदलाबदल.

सूचना सावलीत, अवजारे हाती देण्याआधी द्या. एकदा हातात खुरपे आले की कोणी ऐकत नाही.

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा घराघरांत सोयाबीन पेरणीची घाई असते. त्यामुळे पहिले प्रात्यक्षिक उगवण चाचणीचे घ्यावे. घरच्या बियाण्याचा निर्णय खरोखर त्यावर अवलंबून असतो, म्हणून मुले ती मनापासून करतात. पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी हात घालून न पाहता मूठ-मूठ बी काढायचे आणि त्यातून सरसकट १०० दाणे मोजायचे. मुलांचा हात आपोआप टपोऱ्या दाण्यांकडे वळतो. तसे झाले की निकाल घरच्या पोत्याचा राहत नाही, निवडक दाण्यांचा होतो. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरा ओला तुकडा टाका, दोन्ही मिळून गुंडाळी करा, सैल बांधा आणि सावलीत ठेवा. गोणपाट पिळून घेतलेले असावे. पाणी ठिबकत राहिले तर दाण्याला हवा मिळत नाही आणि तो कुजतो. बी आधी पाण्यात भिजत घालणे ही हमखास होणारी चूक. सोयाबीनचे साल पातळ असते, पाणी भराभर शोषून दाणा फुगतो आणि फाटतो.

सोमवारी गुंडाळी केली तर शनिवारी मोजता येते. मंगळवारी केली तर मोजायचा दिवस रविवारी येतो. वार पाहूनच सुरुवात करा. मोजताना लांब, सरळ, निरोगी कोंब तेवढेच धरायचे. नुसता फुगलेला, अर्धवट फुटलेला, बुरशी धरलेला दाणा मोजायचा नाही. सत्तर किंवा त्याहून जास्त कोंब आले तर शिफारशीइतके बियाणे पुरते, म्हणजे हेक्टरी ७५ किलो. त्याखाली आले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवायचे, फारच खाली असेल तर ते पेरायचेच नाही. एकाच पोत्यातल्या बियांवर चार गटांचे चार निराळे आकडे येतील. घाबरून त्यांची सरासरी काढून तास संपवू नका. फळ्यावर चारही आकडे लिहा आणि का वेगळे आले हे मुलांना शोधू द्या. कोणाची गुंडाळी उन्हात राहिली, कोणी दाणे निवडले, कोणी फुगलेलेही मोजले, सगळे बाहेर येते.

वाफा तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच. रुंदी एकच मीटर का, हे मुलांकडूनच काढून घ्या: दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यावर पाय पडत नाही आणि माती दबत नाही. आडव्या ओळी २५ सेंटिमीटरवर आखल्या की बारा होतात, सहा मुलांना दोन-दोन. प्रत्येकाच्या ओळीशी त्याच्या नावाची काडी रोवा. सामाईक वाफ्यापेक्षा स्वतःच्या दोन ओळींकडे मूल जास्त लक्ष देते. मेथीचे बियाणे हेक्टरी २५ ते ३० किलो धरले तर या वाफ्याला दहा ग्रॅमच्या आत पुरते. हे वजन करून दाखवा, कारण एवढेसे बी पाहून मुलांचा विश्वास बसत नाही आणि अख्खी पुडी ओतली जाते. दाट उगवलेली मेथी पिवळी, लांबट पडते. बी एक-दीड सेंटिमीटरच खोल जावे. काळ्या मातीत खोल गेलेले बी वर येत नाही. पाणी झारीने द्या. नळीच्या धारेने बी वाहून एका कोपऱ्यात जमते आणि वरची माती चोपून कडक पापुद्रा धरते.

पाण्याचे मापही इथेच शिकवता येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वाफा तीन चौरस मीटर, म्हणून पाच मिलिमीटरसाठी पंधरा लिटर, म्हणजे साधारण एक बादली.

खताच्या गणितात मात्र नववीचा वर्गही हमखास अडतो. समजा पालकाला हेक्टरी ८० किलो नत्र द्यायचे आहे. हेक्टरचे दहा हजार चौरस मीटर, म्हणून चौरस मीटरला ८ ग्रॅम, वाफ्याला २४ ग्रॅम. इथे मुले २४ ग्रॅम युरिया मोजून मोकळी होतात. युरियात नत्र ४६ टक्के असते, म्हणून २४ भागिले ०.४६, सुमारे ५२ ग्रॅम. तेही दोन हप्त्यांत आणि पाने कोरडी असताना. ओल्या पानावर दाणा चिकटला की तिथे पान करपते. गणिताच्या शिक्षकांना या तासाला बोलवा. ते आनंदाने येतात.

आवारात पेरू किंवा डाळिंब असेल आणि तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये शाळेत असाल, तर गुटी कलम, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळे फोडून नवे रोप करणे, सोडू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीची, साधारण वर्षभराची निरोगी फांदी घ्या. अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची सालीची रिंग काढा. साल निघाल्यावर खालच्या लाकडावर बुळबुळीत थर लागतो, तो चाकूच्या पाठीने खरवडून काढा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे फुटत नाहीत. बोटाने चाचपून बुळबुळीतपणा गेला का, हे प्रत्येक मुलाला स्वतः पाहू द्या, कारण चित्रावरून ते कळत नाही. वरच्या कापाला मूळ फुटण्याची पावडर लावा, भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ (स्फॅग्नम मॉस) मुठीएवढे गुंडाळा आणि पारदर्शक प्लास्टिक लपेटून दोन्ही टोके सुतळीने आवळा. टोक सैल राहिले की मुंग्या शिरतात, पावसाचे पाणी जाते, शेवाळ कुजते. चाकू लाकडात खोल गेला तर वाऱ्याने फांदी तिथेच मोडते. म्हणून आधी सुबाभळीच्या तोडलेल्या काड्यांवर दोन-दोन रिंगा काढून हात बसू द्या. गटाला एकच चाकू, आणि तो तुमच्या नजरेसमोर.

अवजारांवर रंगाने क्रमांक घाला आणि तास संपताना मोजून घ्या. कुदळीचा दांडा हलत असेल तर आदल्या रात्री डोके पाण्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगून घट्ट बसते. पाचर निसटलेली असेल तर मात्र ती नवी ठोकल्याशिवाय कुदळ मुलाच्या हाती देऊ नका. खणणाऱ्या दोघांत दोन दांड्यांचे अंतर हवे. रासायनिक कीटकनाशक कुठल्याही कारणाने विद्यार्थ्यांच्या हाती जाऊ नये. फवारणी दाखवायची असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क पुरेसा आहे. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी कापडातून गाळा, दोन ग्रॅम साबणाचा चुरा मिसळा आणि एक लिटर करा. नीट गाळले नाही तर पंपाचे नोझल तुंबते. त्याच दिवशी वापरून संपवा.

मुली पाणी घालतात आणि मुलगे खणतात, ही वाटणी आपोआप पडते. गटांचा तक्ता लावून कामे फिरवा. आणि वर्गात दंगा केला म्हणून कोणाला वाफा खणायला पाठवू नका. ज्या मुलांचे आईवडील रोज हेच काम करतात, त्यांच्यासमोर ते शिक्षा म्हणून दाखवणे फार वाईट आहे. ही मुले अनेकदा आपल्यापेक्षा जास्त जाणतात. हराळी आणि लव्हाळा नुसते कापून का जात नाहीत, हे त्यांना विचारा. लव्हाळ्याची जमिनीखालची गाठ ती उकरून दाखवतील. तणाचे नाव त्यांच्या बोलीत जे असेल तेच आधी फळ्यावर लिहा.

आंतरवासिता संपण्याच्या आठवड्यात मार्गदर्शक शिक्षकांकडे वाफ्यांची वही सोपवा. कोणता वाफा कधी पेरला, खताचा दुसरा हप्ता कोणत्या तारखेला, अवजारखोलीची किल्ली कोणाकडे, हे त्यात असावे. गुटीला मुळे प्लास्टिकमधून दिसायला महिना-दीड महिना लागतो, तोवर तुम्ही तिथे नसाल. म्हणून फांदीवर पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून ठेवा: बांधल्याची तारीख, गटातल्या मुलांची नावे, आणि मोठ्या अक्षरांत "पांढरी मुळे तपकिरी झाल्यावरच कापा".