रात्री हात बधिर होतो? कारखान्यात काम करणाऱ्यांनी कार्पल टनेल कसे ओळखावे आणि आवरावे

पॅकिंग, असेंब्ली, शिलाई, ग्राइंडिंग अशा कामांत दिवसभर हाताची एकच हालचाल चालते. अशा कामगाराला रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर तो नुसता थकवा समजू नये. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून, म्हणजेच कार्पल टनेलमधून, बोटे मिटवणाऱ्या 9 कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि त्यांच्या सोबतीने मिडियन नर्व्ह ही नस जाते. कंडरांचे आवरण जाड झाले किंवा मनगट फार वेळ वाकलेले राहिले, की आत दाब वाढतो आणि नस चेंगरते.

आधी बोटे तपासा. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढाच या नसेचा इलाखा. मुंग्या फक्त करंगळीकडे येत असतील तर बहुधा कोपरापाशी दुसरी नस दबते आहे. मग दोन्ही तळहातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवा, बोटे खाली सोडा आणि मनगटे 60 सेकंद वाकवून धरा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय पक्का होत जातो. नाही आल्या तरी निर्धास्त होऊ नका.

रात्री मनगट सरळ बांधा. स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणारी पट्टी, घालून निदान 6 आठवडे झोपा. बऱ्याच तयार स्प्लिंटमधली धातूची पट्टी मनगट मागे वाकवते. ती बाहेर काढून सपाट करा. पट्टे आवळू नका. कामावर मात्र स्प्लिंट नको, कारण त्याच्याशी झगडत हात जास्तच जोर लावतो.

आता खरे दुखणे, म्हणजे काम. मनगट वाकलेले, त्यात जोर आणि तीच हालचाल पुन्हा पुन्हा, हे तिन्ही एकत्र आले की नुकसान होते. पक्कड हातात धरून पाहा: तिच्या आखूड मुठीचे (दांड्याचे) टोक तळहाताच्या मधोमध, नेमके नसेजवळ रुतते. मूठ तळव्याच्या बाहेर निघेल इतकी, निदान 10 सेंटिमीटर आणि शक्यतो 12-13 सेंटिमीटर लांब हवी. जाडी 3 ते 5 सेंटिमीटर. उभ्या पृष्ठभागावर स्क्रू मारायला पिस्तुलासारख्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, आडव्या टेबलावर सरळ मुठीचा. उलटे केले की मनगट वाकलेच. हलक्या कामाचे टेबल कोपराच्या उंचीला आणा. चिमटीत धरायची वस्तू शक्य तिथे मुठीत धरता येईल अशी करा. चिमटीत मुठीच्या जेमतेम पाव ताकद असते. हातमोजे सैल किंवा जाड असले तर पकड घट्ट करावी लागते, म्हणून मापाचेच घ्या.

सुपरवायझरकडे कामाची अदलाबदल जरूर मागा. पण दुसऱ्या जागीही चिमटीचेच काम असेल तर ती अदलाबदल कागदावरचीच.

डॉक्टरकडे कधी जायचे? बधिरपणा दिवसभर राहू लागला, सदऱ्याचे बटण लागेना, हातातून वस्तू सुटू लागल्या, किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर 6 आठवडे थांबू नका. झिजलेला स्नायू शस्त्रक्रियेनंतरही पुरता भरून येईलच असे नाही. जाताना काम करतानाचा हाताचा व्हिडिओ सोबत न्या. नसेच्या तपासणीबरोबर साखर आणि थायरॉइडही तपासून घ्या; दोन्हींमुळे हेच दुखणे होते. शस्त्रक्रिया झालीच, तर रजेवरून परतण्याआधी ती पक्कड बदलून घ्या.