मोगरा कळ्यांनी भरायला हवा तर फेब्रुवारीतच छाटा
कुंडीतला मोगरा पानांनी माजतो, कळ्या मात्र मोजक्याच. मोगऱ्याला फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी ओसरताच छाटणी उरका.

१. आठवडाभर आधी पाणी कमी करा.
२. धारदार कात्रीने प्रत्येक फांदी साधारण एक तृतीयांश कापा. वाळक्या, बारीक काड्या बुडातून काढा. उरलेली जुनी पानंही खुडा. झाड भुंडं दिसेल, दिसू द्या; फूट जोमदार येते.
३. वरची माती हलकेच उकरून दोन मुठी शेणखत मिसळा, मग भरपूर पाणी.

कुंडीला ५-६ तास थेट ऊन हवंच, सावलीत छाटणीचा काही उपयोग नाही. शेणखत पूर्ण कुजलेलं घ्या. ताज्या शेणाने मुळं जळतात.