हार्डवेअर वॉलेटवर पाठवलेली क्रिप्टो दिसत नाही? या चुका टाळा

एक्सचेंजवरची (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटवरची) शिल्लक कमी झाली, पण वॉलेटच्या अ‍ॅपमध्ये काहीच जमा नाही. अशा वेळी बरेच जण घाबरून हार्डवेअर वॉलेटचे डिव्हाइस रीसेट करतात. त्याने काहीच साधत नाही. कॉइन त्या डिव्हाइसमध्ये कधी नसतातच. ते ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक नोंदवहीत असतात, डिव्हाइस फक्त ते खर्च करण्याची किल्ली सांभाळते. सीड फ्रेजचे शब्द (वॉलेट परत मिळवण्याचे गुप्त शब्द) नीट लिहून ठेवलेले नसतील, तर मात्र रीसेटमुळे खरोखरच सगळे हातचे जाईल.

आधी एक्सचेंजच्या विथड्रॉवल यादीतून ट्रान्झॅक्शन आयडी घ्या आणि ज्या नेटवर्कवरून (ब्लॉकचेनवरून) पाठवले, त्याच्या ब्लॉक एक्स्प्लोररवर, म्हणजे व्यवहार शोधण्याच्या साइटवर टाका. आयडीच मिळत नसेल, तर बहुधा व्यवहार एक्सचेंजमधून बाहेरच पडलेला नाही. मग वॉलेटमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

आयडी आहे, पण कन्फर्मेशन (व्यवहार ब्लॉकमध्ये नोंदला गेल्याची पुष्टी) शून्य? मग थांबा. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, पण फी कमी असेल आणि गर्दी असेल तर व्यवहार कित्येक तास, कधी काही दिवसही रांगेत राहतो. स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटमधून पाठवले असेल, तर बहुतेक वेळा फी वाढवून तो पुढे ढकलता येतो. एक्सचेंजने पाठवले असेल, तर फी वाढवणे त्यांच्या हातात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो व्यवहार पूर्ण होऊनही अ‍ॅप रिकामे दिसते तेव्हा, आणि त्यामागे बहुतेकदा नेटवर्क असते. यूएसडीटी (डॉलरशी बांधलेले टोकन) इथेरियमवरही चालते, ट्रॉनवरही आणि बीएनबी स्मार्ट चेनवरही. इथेरियम, बीएनबी आणि पॉलिगॉन यांचा पत्ता एकसारखाच असतो. म्हणून बीएनबी चेनवरून पाठवलेले टोकन तुमच्याच पत्त्यावर पोहोचते. अ‍ॅप मात्र इथेरियमचे खाते दाखवत बसते. किल्ली तीच असल्याने पैसे बुडालेले नसतात. ते नेटवर्क जोडा. अ‍ॅपमध्ये त्याची सोय नसेल, तर तुमच्या डिव्हाइसशी जोडता येणाऱ्या दुसऱ्या वॉलेट अ‍ॅपमधून बघा. टोकन पुढे हलवायला थोडे बीएनबी लागेल, कारण तिथली फी त्यातच कापली जाते. नेटवर्क बरोबर असूनही टोकन दिसत नसेल, तर ते अ‍ॅपच्या यादीत स्वतः जोडावे लागते. त्यासाठी लागणारा कॉन्ट्रॅक्टचा पत्ता (टोकन चालवणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता) टोकनच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. त्याच नावाची खोटी टोकन ढिगाने आहेत.

बिटकॉइनच्या बाबतीत खात्याचा प्रकार तपासा. ‘१’, ‘३’ आणि ‘बीसी१’ने सुरू होणारे पत्ते अ‍ॅपमध्ये वेगवेगळ्या खात्यांत मोडतात, आणि जुने खाते अ‍ॅपमध्ये जोडलेले नसेल तर त्यातली रक्कमही दिसत नाही. दर वेळी नवा पत्ता दिसतो म्हणून धास्ती नको, जुन्या पत्त्यांवर आलेले पैसेही तुमचेच.

पासफ्रेज (सीड फ्रेजला स्वतः जोडलेला जादा गुप्त शब्द) वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. एखादे अक्षर चुकले किंवा एखादी जागा जास्त सुटली, तर डिव्हाइस ‘चूक’ असे म्हणत नाही, सरळ दुसरेच रिकामे वॉलेट उघडते. माझ्या मते पैसे हरवल्याचा सगळ्यात भयंकर भास इथेच होतो.

एक्स्प्लोररवरचा पत्ता तुमचा नसेलच, तर प्रकरण गंभीर आहे. कॉपी केलेला पत्ता बदलणारे मालवेअर असते; शिवाय तुमच्या ओळखीच्या पत्त्याशी सुरुवातीची-शेवटची अक्षरे जुळणाऱ्या पत्त्यावरून क्षुल्लक रक्कम पाठवून तो तुमच्या व्यवहारांच्या यादीत घुसवणारे भामटेही असतात. यादीतला पत्ता उचलू नका. डिव्हाइसच्या पडद्यावर पूर्ण पत्ता जुळवा आणि आधी छोटी रक्कम पाठवून पाहा. एकदा पक्का झालेला व्यवहार कोणालाही उलटवता येत नाही.

मदत मागताना ट्रान्झॅक्शन आयडी, पत्ता आणि नेटवर्क एवढेच द्या. ‘वॉलेट सिंक करून देतो’ म्हणत कोणी सीड फ्रेजचे शब्द मागितले, तर तो कंपनीचा माणूस नाही. संभाषण तिथेच बंद करा.