बडोद्याच्या पावसाळ्यात लेपर्ड गेको कसा सांभाळावा

जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्यात मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात आणि कपाटातल्या पट्ट्यांवर बुरशी येते. लेपर्ड गेको म्हणजे पालीसारखा एक पाळीव प्राणी, मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातला. टाकीतली आर्द्रता एरवी ३० ते ४० टक्के असावी असं सगळीकडे सांगितलेलं असतं, आणि आपल्याकडे सकाळी उघड्या खिडकीशी ती ८५ च्याही वर जाते. मग लोक घाबरतात. टाकीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकतात, पाण्याची वाटी काढून घेतात, वर टेबलफॅन लावतात. यातलं काहीही करू नका. जाळीच्या झाकणातून बाहेरची हवा सतत आत येत असते, तिथे चार पुड्या कितीशा पुरणार? आणि पुडी फुटून दाणे पोटात गेले तर दुखणं वेगळंच. नुसती दमट हवा गेकोला सहसा आजारी पाडत नाही. दमटपणा, गारठा आणि कोंडलेली हवा एकत्र आली की छातीचं दुखणं सुरू होतं. आपल्या हातात यातल्या दोन गोष्टी आहेत, लक्ष तिथे द्या.

आधी मीटर खरं बोलतो का ते बघा

काट्याचे स्वस्त हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे मीटर) बेभरवशाचे असतात. डिजिटल घ्या आणि तोही तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घाला. मीठ ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे, विरघळता कामा नये. हे झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी मीटरने ७५ दाखवायला हवं, कारण ओल्या मिठावरची बंद हवा त्याच आकड्यावर स्थिरावते. ८१ दाखवत असेल तर तुमचा मीटर सहा टक्के जास्त सांगतो. पुढे तेवढे वजा करत जा. मीटर टाकीच्या थंड बाजूला, जमिनीलगत ठेवा. काचेवर वर चिकटवलेला मीटर गेको जिथे वावरतो तिथली हवा मोजत नाही.

मग उष्णता

पावसात थंड वाटतं म्हणून आपण पंखा कमी करतो, पण गेकोची हीट मॅट (टाकीची जमीन तापवणारी विजेची चटई) मात्र ‘एवढं उकडतंय, कशाला हवी’ म्हणून बंद केलेली असते. ती चालू ठेवा. टाकीच्या एका टोकाला जमिनीचं तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ हवं. गेकोचं अन्न पोटाखालच्या उबेवर पचतं. ऊब गेली की खाल्लेलं तसंच पडून राहतं आणि अंगातली प्रतिकारशक्तीही मंदावते.

उष्णतेचा दुसरा फायदा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हवा तापली की तिची पाणी सामावण्याची ताकद वाढते, म्हणून आर्द्रतेचा टक्का आपोआप उतरतो. खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के असेल, तर तीच हवा ३२ अंशांना साधारण ६७-६८ टक्क्यांवर येते, पाण्याचा एक थेंबही न काढता. मॅट जमीन तापवते, हवा फारशी नाही. म्हणून टाकी मोठी असेल तर वरून सिरॅमिक हीट एमिटर, म्हणजे उजेड न देता नुसती उष्णता देणारा दिवा, लावलेला बरा. दोन्हींना थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरल्या आकड्यावर रोखणारं यंत्र, हवाच. थर्मोस्टॅटशिवाय मॅट इतकी तापू शकते की पोट भाजतं, आणि गेको उठून बाजूला होईलच असा भरवसा धरू नका. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटच्या बरोबर वर, टाकीच्या आत ठेवा.

रात्री एसी लावणाऱ्या घरात हवा छान कोरडी होते, पण २२ वर ठेवलेला एसी गेकोला गारठवतो. २६ वर ठेवा, मॅट चालू असू द्या.

हवा आणि जमीन

पूर्ण बंद काचेची टाकी आणि वर चार भोकं ही रचना इथे चालत नाही. झाकण जाळीचं हवं, आणि एका बाजूला खालच्या अंगाला हवा शिरायला जागा हवी, म्हणजे आतली हवा वर निघून जाते. लेपर्ड गेकोच्या पायांना चिकटगाद्या नसतात, तो घरच्या पालीसारखा काचेवर चढत नाही. तरी झाकण लागतंच, नाहीतर घरातल्या पाली आत शिरतात आणि सोबत जंत घेऊन येतात. टाकी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांतल्या जाड भिंती पावसाळ्यात पाणी धरतात.

चार महिने माती, कोकोपीट, वाळू सगळं बाहेर. टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्र अंथरा आणि ओलं दिसलं की लगेच बदला. दिसायला बरं दिसत नाही, कबूल, पण शी कशी झाली, बुरशी धरली का, हे एका नजरेत कळतं. पाण्याची वाटी लहान, उथळ आणि थंड बाजूला.

खोलीत मच्छर मारायची कॉइल, लिक्विड किंवा स्प्रे नको, कपाटातल्या डांबरगोळ्याही जवळ नकोत. गणपतीत धूप-कापूर जोरात असतो. तेवढे दिवस टाकी दुसऱ्या खोलीत हलवा.

ओला डबा काढू नका

बाहेर एवढी ओल असताना आत वेगळा ओला डबा कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण कात टाकताना गेकोला अंगाला लागून असलेला दमट कोपरा लागतो, आणि तापवलेल्या टाकीची जमीन कोरडीच असते. मंगळ बाजारात मिळणारा झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या, बाजूला गेको सहज जाईल एवढं गोल दार कापा, कडा घासून गुळगुळीत करा. आत पिळून घेतलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) किंवा ओल्या टिश्यूची घडी. पावसाळ्यात मॉस दर आठवड्याला बदला. टिश्यू दोन-तीन दिवसांनी फेका. वास आला की थांबू नका.

कात टाकून झाल्यावर बोटं एकेक करून बघा. बोटाच्या टोकाला पांढरट कडं राहिलं तर ते सुकून आवळतं आणि टोक झडतं. कोमट पाणी, पोट जेमतेम भिजेल एवढंच, पंधरा मिनिटं. मग ओल्या इअरबडने कडं हलकेच लोळवत काढा. ओढायचं नाही. नाही निघालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

खाणं

मीलवर्मच्या (गेकोला खायला द्यायच्या अळ्यांच्या) डब्यातला गव्हाचा कोंडा ओल धरतो आणि त्यात कोळीकिडे होतात. कोंडा आधी कढईत कोरडा भाजून, पूर्ण गार करून वापरा. गाजराची चकती त्याच दिवशी काढा. कॅल्शियमची पावडर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, गुठळ्या झाल्या की ती किड्यांना चिकटत नाही.

ट्यूबलाइटभोवती जमणारे पंखवाले किडे फुकटचं खाणं म्हणून देऊ नका, त्यांच्यावर कुठलं औषध पडलंय कुणास ठाऊक. काजवा तर कधीच नाही. काही काजव्यांमधलं विष सरड्या-पालींना मारतं.

वीज गेली, पाणी शिरलं

पावसाळ्यात खोली बहुतेक वेळा २६-२८ च्या खाली जात नाही, त्यामुळे एखाद दिवस मॅट बंद राहिली तर बिघडत नाही. फक्त तेवढा वेळ खाऊ घालू नका. मॅट फार वीज खात नाही, इन्व्हर्टरवर सहज चालते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं. तळमजल्यावर राहत असाल तर टाकी जमिनीवर ठेवूच नका, आणि भोकं पाडलेला, टिश्यू अंथरलेला एक हलका डबा तयार ठेवा.

डॉक्टरकडे कधी

आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. शेपटी ही त्याची चरबीची शिदोरी, ती बारीक होत चालली तर वाट बघू नका. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, श्वासाला टकटक आवाज, पोटावर तपकिरी डाग किंवा फोड, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी सरीसृप बघणारा पशुवैद्य गाठा. नुसता आवाज मात्र आजार नव्हे. घाबरलेला गेको खरंच चुकचुकतो, आणि घरातल्या आजी त्याचा काय अर्थ लावतील यावर आपला इलाज नाही. माणसांचं अँटिबायोटिक अंदाजाने पाजू नका. असा डॉक्टर शोधायला वेळ लागतो, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधीच फोन करून ठेवा. जाताना ताजी शी छोट्या बंद डबीत आणि वजनाची वही सोबत न्या, जंतांची तपासणी तिथेच होते.

अजून विकत घ्यायचा असेल तर पिंजऱ्यात जन्मलेलाच घ्या आणि लेखी पावती मागा; पाळण्याचे सध्याचे नियम वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. गुजरात-महाराष्ट्राच्या डोंगरांत याचीच जवळची एक जात राहते. ती दिसली तर फोटो काढा आणि तिथेच राहू द्या.