टॅबचा मागचा कॅमेरा घरी बदलताय? आधी ही तयारी करा

कॅमेऱ्याचा कनेक्टर काढून दुसरा कॅमेरा बसवणं हे पाच मिनिटांचं काम. टॅब उघडण्यात आणि उघडण्याआधीच्या तयारीत मात्र अर्धा दिवस जातो. बिघडतं तेही बहुधा तिथेच. कॅमेरा काळा पडला म्हणून टॅब उघडला आणि स्क्रीन गेली, असे टॅब दुरुस्तीच्या टेबलावर नेहमी येतात. म्हणून ही यादी जास्त करून उघडण्याआधीची आहे. उदाहरणाला २०२०चा सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए७ घेतला आहे. १०.४ इंची, फक्त वायफायवाला एसएम-टी५०० आणि सिमवाला एसएम-टी५०५. ऑनलाइन शाळेच्या काळात तो बऱ्याच घरांत आला आणि आता त्याची वॉरंटी केव्हाच संपलेली आहे. मागचा कॅमेरा ८ मेगापिक्सेल, ऑटोफोकसचा. पुढचा ५ मेगापिक्सेल, ठरलेल्या फोकसचा.

सगळ्यात आधी कॅमेरा खरंच गेला आहे का, ते नक्की करा. अँड्रॉइड १२ पासून वरून ओढायच्या पडद्यात कॅमेऱ्याची परवानगी बंद करणारं एक बटण आलं आहे. लहान मुलाचं बोट त्यावर पडलं की दोन्ही कॅमेरे एकदम काळे पडतात आणि घरात सगळ्यांना वाटतं की टॅब आपटला असावा. ते बटण बघा, मग सेटिंग्जमध्ये कॅमेरा अॅप सक्तीने थांबवून त्याची कॅशे, म्हणजे अॅपने साठवलेली तात्पुरती माहिती, पुसा. सेफ मोडमध्ये, म्हणजे नंतर टाकलेली अॅप बंद ठेवून, टॅब चालू करून बघा. तिथे कॅमेरा चालला तर दोष नंतर टाकलेल्या एखाद्या अॅपचा. कॅमेरा अॅपमध्ये काळं दिसतं, पण व्हिडिओ कॉलमध्ये मागचा कॅमेरा नीट चालतो, असं असेल तरी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा. शाळेकडून किंवा क्लासकडून मिळालेल्या टॅबमध्ये बाहेरून नियंत्रण ठेवणारं सॉफ्टवेअर असू शकतं आणि ते कॅमेरा बंद ठेवू शकतं. सुरक्षा धोरणामुळे कॅमेरा वापरता येत नाही अशा अर्थाचा संदेश आला तर ज्यांनी टॅब दिला त्यांनाच विचारा.

सिमवाल्या टॅबमध्ये डायलर असेल तर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबून कंपनीची चाचणीची पाटी उघडता येते. तिथे मागच्या आणि पुढच्या कॅमेऱ्याची वेगळी बटणं असतात. वायफायवाल्यात सॅमसंग मेंबर्स अॅपमधली तपासणी चालवा. निकाल असा वाचायचा: एक कॅमेरा चालतो आणि दुसराच काळा, तर मॉड्यूल (कॅमेऱ्याचा अख्खा सुटा भाग) किंवा त्याचा कनेक्टर. दोन्ही बंद, बटण आणि सॉफ्टवेअर ठीक, तर बोर्डाचा, म्हणजे टॅबच्या मुख्य सर्किटचा, संशय घ्या. नवा कॅमेरा आणून काही होणार नाही. चित्रात उभ्या रेषा किंवा गुलाबी-जांभळा रंग असेल तर सेन्सर किंवा फ्लेक्स पट्टी (कॅमेरा बोर्डाला जोडणारी लवचिक पट्टी). कॅमेरा टकटक आवाज करत सारखा फोकस शोधत राहतो आणि जवळचं-दूरचं काहीच स्पष्ट होत नाही, तर लेन्स पुढे-मागे हलवणारी आतली यंत्रणा अडकली आहे. ती घरी दुरुस्त होत नाही, मॉड्यूलच बदलायचं.

धूसर फोटोचं प्रकरण वेगळं. चित्र येतं पण सगळं दुधाळ दिसतं, दिव्याभोवती वलय पडतं, तर मॉड्यूल बहुतेक वेळा धडधाकट असतं. दोष त्याच्यावरच्या काचेत असतो आणि ती काच मागच्या कव्हरवर असते. तिच्यावर बारीक ओरखडे पडतात, किंवा आतून धूळ आणि वाफ धरते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात टॅब कपाटात पडून राहिला की हे होतं. टॉर्च तिरका धरून काचेवर उजेड टाका. ओरखडे की आतलं धुकं, लगेच कळतं. मग खर्च काचेचा किंवा मागच्या कव्हरचा आहे, कॅमेऱ्याचा नाही.

आता, उघडायचा की नाही? वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका. मागचं कव्हर मधोमध फुगलंय, टॅब सपाट टेबलावर ठेवल्यावर डुलतो, किंवा स्क्रीन कडेने वर आलीय, तर बॅटरी फुगली आहे. तिच्या जवळपास पिक (कव्हर उघडायची प्लास्टिकची पातळ चकती) घालणं म्हणजे आगीशी खेळ. असा टॅब चार्जिंगला न लावता थेट दुकानात न्या. स्क्रीनला आधीच तडा असेल तर उघडताना तो वाढणार, हे धरून चला. आणि टॅब कुठला आहे तेही बघा. आयपॅडमध्ये पुढची काच गोंदाने चिकटवलेली असते आणि आत जाण्याचा रस्ता तिथूनच असतो. काच तापवून, चोषक (सक्शन कप) लावून उचलावी लागते आणि तिच्या पट्ट्या आतून जोडलेल्या असतात. पहिलाच टॅब उघडणाऱ्याने तो आयपॅड निवडू नये. ए७ त्या मानाने सोपा: मागचं कव्हर कडेच्या प्लास्टिक लॉकवर बसलेलं असतं.

सुटा भाग मागवताना मेगापिक्सेलवर जाऊ नका. टॅब ए७, ८.७ इंची ए७ लाइट (एसएम-टी२२०, टी२२५) आणि १०.५ इंची ए८ (एसएम-एक्स२००, एक्स२०५) या तिघांचाही मागचा कॅमेरा ८ मेगापिक्सेलच आहे, म्हणून मॉड्यूल एकच असेल असं धरू नका. मॉडेल क्रमांक सेटिंग्जच्या शेवटी टॅबलेटविषयीच्या पानावर असतो. मागच्या कव्हरवरही बारीक अक्षरांत असतो, भिंग लागेल. विक्रेत्याला तो पूर्ण क्रमांक द्या, ‘मागचा कॅमेरा’ असं स्पष्ट सांगा, आणि फोटो मागवा. फोटोत तीन गोष्टी बघायच्या: फ्लेक्स पट्टीची लांबी, ती कुठल्या बाजूला वळते, आणि कनेक्टर पट्टीच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या. जमलं तर आधी टॅब उघडून जुन्या मॉड्यूलवरचा छापील क्रमांक टिपा, टॅब बंद करा आणि मग ऑर्डर द्या. दोनदा उघडण्याचा त्रास होतो, पण चुकीचा भाग येत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ समोर बघून घेता येतो. जुन्या टॅबमधून काढलेलं मॉड्यूल चालतं, फक्त लेन्सवर बोटाचे ठसे किंवा गोंद नको आणि परत घेण्याची मुदत बोलून घ्या.

हत्यारं फार लागत नाहीत, पण जी लागतात त्यांना पर्याय नाही. पातळ प्लास्टिकच्या चार-पाच ओपनिंग पिक घ्या. गिटारची पातळ पिक चालते. पिक झिजतात, तुटतात, शिवाय एक लॉक सुटल्यावर ते परत बसू नये म्हणून एक पिक तिथेच ठेवावी लागते. फिलिप्स टोकाचे ००० आणि ०० नंबरचे स्क्रूड्रायव्हर, दोन्ही. टोक ढिलं बसत असेल तर स्क्रूचं डोकं घासून जातं आणि मग तो निघता निघत नाही. प्लास्टिकची चपटी सळई, वाकड्या टोकाचा चिमटा, फुंकर मारायचा रबरी फुगा, मायक्रोफायबर कापड, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर नको, प्लास्टिक विरघळतं. कॅमेऱ्याखाली किंवा पट्टीवर चिकटपट्टी निघाली तर बदलायला २ मिलिमीटर रुंदीची दुहेरी चिकटपट्टी. केस वाळवायचा ड्रायर, पण तो कव्हर हट्ट करत असेल तरच. चाकू, ब्लेड, किचनमधली सुरी यांपैकी काहीही टेबलावर नको. असलं की हात जातोच.

स्क्रू ठेवायला मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या उत्तम, धुऊन कोरड्या करून. एका कोऱ्या कागदावर टॅबच्या आतल्या बाजूची ढोबळ आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवा. हे पोरखेळ वाटेल, पण लांब स्क्रू आखूड भोकात गेला की तो बोर्डात किंवा स्क्रीनच्या पाठीत घुसतो आणि एका कॅमेऱ्याच्या कामात दोन भाग जातात.

जागा टेबलाची, उजेड वरून, खाली पांढरा पंचा किंवा फिक्या रंगाचा सुती टॉवेल. लोकरीचं, नायलॉनचं काही नको; स्थिर वीज बोर्डाला मारते. अँटिस्टॅटिक मनगटपट्टा असेल तर उत्तम, नसेल तर काम सुरू करण्याआधी आणि मध्ये उठून आलात की धातूच्या नळाला हात लावा. पंखा बंद. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, पण पंख्याने धूळ लेन्सवर बसते आणि स्क्रू टेबलावरून घरंगळतात. पावसाळ्यात काम टाळता आलं तर टाळा. काचेच्या आत अडकलेला दमटपणा पुढच्या गारठ्यात धुकं होऊन बसतो.

आदल्या दिवशी फोटो आणि अभ्यासाच्या फाइल दुसरीकडे उतरवून ठेवा. कॅमेरा बदलायला फॅक्टरी रिसेट लागत नाही. पण बोर्डाला काही झालं तर आतलं सगळं जातं, म्हणून बॅकअप. गूगल खात्याचा पासवर्ड आठवतो ना, तेही बघा. बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरू द्या. चुकून हत्यार लागलंच, तर भरलेल्या लिथियम बॅटरीपेक्षा उतरलेलीचा भडका कमी असतो.

टॅब पूर्ण बंद करा, नुसता स्क्रीन लॉक नाही. मग सिम आणि मेमरी कार्डचा ट्रे बाहेर काढा. याचाच सगळ्यात जास्त विसर पडतो. ट्रे आत राहिला तर कव्हर सुटताना तो अडतो आणि आतला कार्ड रीडर मोडतो. स्क्रीन खाली येईल असा टॅब टॉवेलवर ठेवा.

पिक कुठे घालायची यावर सगळं अवलंबून आहे. टॅबच्या कडेला दोन रेघा दिसतात. एक काच आणि तिच्याभोवतीची काळी प्लास्टिक चौकट यांच्यामधली, दुसरी चौकट आणि धातूचं कव्हर यांच्यामधली. पिक दुसरीत जायला हवी. पहिलीत गेली तर ती स्क्रीनच्या थरांत शिरते आणि डिस्प्ले तिथेच संपतो. सुरुवात कोपऱ्यापासून नको, लांब बाजूच्या मधोमध करा, कोपरे शेवटी. आत ३–४ मिलिमीटरच, त्याहून खोल नाही. पिक पुढे सरकवत न्यायची, मुरडायची नाही. प्रत्येक लॉक सुटताना टक् असा आवाज येतो. आवाज न येता जोर लागत असेल तर थांबा, जागा चुकली आहे. बटणांच्या आणि चार्जिंगच्या तोंडाजवळ हात आणखी हलका. कुठे अजिबात सुटत नसेल तर ड्रायरने तेवढ्याच कडेला मिनिटभर ऊब द्या, हाताला सोसवेल इतकीच. बॅटरीच्या भागावर गरम हवा धरून बसू नका.

कव्हर निघालं की झटक्यात लांब करू नका. आधी पुस्तकासारखं किंचित उघडून आत कुठली पट्टी जोडलेली नाही ना, ते बघा. मग पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. बाकी काहीही त्यानंतर. बॅटरी जोडलेली असताना कॅमेऱ्याचा कनेक्टर उचलला आणि तो तिरका झाला, तर एका पिनेचा विद्युत दाब दुसऱ्या पिनेवर जातो आणि बोर्डावरचा वीज पुरवणारा बारीक भाग जळतो. मग नवा कॅमेराही काळाच दिसतो आणि दोष नव्या भागावर येतो.

कॅमेऱ्याच्या कनेक्टरवर पत्र्याची पट्टी आणि स्क्रू असतील तर ते आधी काढा. दाबून बसणारा कनेक्टर प्लास्टिक सळईने सरळ वर उचलायचा. बाजूला ओढायचा नाही. छोटी फडी (उघडझाप होणारी झडप) असलेला असेल तर आधी फडी उभी करायची, मग पट्टी आपोआप मोकळी होते. आधी एक फोटो काढा, पट्टी कशी वळलेली आहे ते नंतर आठवत नाही.

नवं मॉड्यूल बसवण्याआधी कव्हरवरची काच आतून पुसून, फुग्याने फुंकर मारून घ्या. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब उडतात. लेन्सवरची संरक्षक फिल्म अगदी शेवटच्या क्षणी काढा, पण काढा. ती राहून जाते आणि धूसर फोटो बघून माणूस विक्रेत्याशी भांडतो. कनेक्टर जागेवर बोटाने चाचपून बसवा. बसला की हलका टक् जाणवतो. जाणवला नाही तर दाबू नका, उचलून पुन्हा लावा, नाहीतर पिना वाकतात. मॉड्यूलच्या मागे चिकटपट्टी लागलीच तर पातळ आणि एकच थर. जाड थराने मॉड्यूल तिरकं होतं, फोटोची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी फिसकटलेली येते.

कव्हर लावण्याआधी बॅटरी जोडा आणि टॅब चालू करा. १० सेंटिमीटरवरचं छापील पान, मग खिडकीबाहेरचं झाड, दोन्हीवर फोकस होतो का ते बघा. मिनिटभर व्हिडिओ घ्या, पुढच्या कॅमेऱ्यावर जा, परत या. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करा. एकाच जागी सारखा दिसणारा काळा ठिपका म्हणजे धूळ. मग पुन्हा बंद, बॅटरीचा कनेक्टर काढा, स्क्रू आकृतीप्रमाणे लावा, बॅटरी जोडा, कव्हर कडेने बोटांनी दाबत बसवा. ट्रे शेवटी. कव्हर बसल्यावर तीच चाचणी पुन्हा घ्या, कारण कव्हरचा दाब आत्ता पहिल्यांदा पडतो. स्क्रीनवर फिकट पांढरा डाग दिसला तर आत कुठेतरी स्क्रू किंवा पट्टी दबली आहे. तसाच वापरू नका, त्याच दिवशी उघडा. जुनं मॉड्यूल पंधरा दिवस ठेवून द्या, मग ई-कचऱ्यात.