पल्प ब्लीच करताना केमिकल वाढवायच्या आधी धुणं बघा

क्राफ्ट पल्प (लाकूड केमिकलमध्ये शिजवून केलेला कागदाचा लगदा) डायजेस्टरमधून, म्हणजे शिजवायच्या टाकीतून, निघतो तेव्हा ब्राऊन का असतो, तर सेल्युलोजला (लाकडाच्या तंतूंचा मुख्य पदार्थ) स्वतःचा रंग नाही, रंग असतो तो त्यात उरलेल्या लिग्निनचा, म्हणजे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाचा. ते किती उरलंय हे काप्पा नंबर सांगतो, सॉफ्टवूडला साधारण 25-30, हार्डवूडला 15-20. आधी हा नंबर काढा, डोस त्याच्यावरूनच ठरतो.

पहिली स्टेज ऑक्सिजनचीच ठेवा. कॉस्टिक सोडा घालून, प्रेशरखाली, 90-100 डिग्रीला, तासभर. जवळपास निम्मं लिग्निन इथेच जातं आणि क्लोरीन नसल्यामुळे हे पाणी रिकव्हरी बॉयलरकडे (शिजवण्याचं वापरलेलं पाणी जाळून केमिकल परत मिळवणारा बॉयलर) परत पाठवता येतं, हा फार मोठा फायदा आहे. पण निम्म्याच्या पुढे ओढायला गेलात की सेल्युलोज तुटतो, व्हिस्कॉसिटी (विरघळवलेल्या पल्पचा घट्टपणा, त्यावरून सेल्युलोज किती शाबूत आहे ते कळतं) पडते आणि कागद कमजोर होतो, म्हणून थोडं मॅग्नेशियम सल्फेट घालतात.

आता धुवा, आणि खरंच नीट धुवा. मागे राहिलेलं विरघळलेलं लिग्निन पुढच्या स्टेजचा क्लोरीन डायऑक्साईड आधी खाऊन टाकतं, मग ब्राइटनेस येत नाही म्हणून लोक डोस वाढवत बसतात आणि खरा दोष असतो वॉशरमध्ये.

मग क्लोरीन डायऑक्साईड. ऑक्सिजन स्टेजनंतरचा काप्पा गुणिले 0.2 म्हणजे ॲक्टिव्ह क्लोरीनचा (क्लोरीनच्या मापात मोजलेल्या ब्लीचिंग ताकदीचा) टक्का. काप्पा 15 असेल तर 3 टक्के, त्याला 2.63 ने भागा (एक किलो डायऑक्साईडची ताकद 2.63 किलो क्लोरीनइतकी), म्हणजे पल्पच्या टनाला साधारण 11.4 किलो डायऑक्साईड. 50-60 डिग्री, शेवटचा पीएच 2-3. हा गॅस साठवायचा नसतो, हवेत 10 टक्क्यांच्या वर गेला की स्फोट होऊ शकतो, म्हणून मिलमध्येच बनवून थंड पाण्यात विरघळवून वापरतात. साधा क्लोरीन गॅस मात्र नकोच, त्याने डायॉक्सिन नावाची विषारी संयुगं तयार होतात.

त्यानंतर कॉस्टिक एक्स्ट्रॅक्शन, सोबत थोडा ऑक्सिजन आणि पेरॉक्साईड, पीएच 11 च्या आसपास. ॲसिडमध्ये न विरघळलेलं लिग्निन इथे सुटतं. परत धुवा. शेवटी पुन्हा डायऑक्साईड, 70 डिग्री, पीएच 3.5-4, तीनेक तास.

पेरॉक्साईडवर जास्त भर असेल तर मँगनीज, लोखंड, तांबं आधी ईडीटीए किंवा डीटीपीएने (धातू पकडून ठेवणारी केमिकल) बांधून धुऊन काढा, नाहीतर पेरॉक्साईड कामाला लागायच्या आधीच फुटून वाया जातो.

आणि लाकूड दळून केलेल्या मेकॅनिकल पल्पला हे सगळं लावू नका. तिथे लिग्निन काढायचंच नसतं, काढलं तर यील्डच (लाकडातून मिळणारा पल्प) गेलं, फक्त त्याचा रंग घालवायचा, पेरॉक्साईडने नाहीतर हायड्रोसल्फाईटने. लिग्निन आतच राहतं, म्हणूनच तसला कागद उन्हात पिवळा पडतो.